पडद्यावर नावे पडतात तेव्हा



सिनेमा संपला की पडद्यावर नावे पडायला लागतात आणि आपण उठून चपला शोधायला लागतो. जत्रेतल्या तंबूत उलटे होते. मध्ये दोरी बांधून एका अंगाला बाया आणि एका अंगाला गडी बसायचे, आणि नावे सुरुवातीलाच पडायची. तेव्हा लोक जागा धरण्यात आणि पोरे गप्प करण्यात गुंतलेले असायचे. पुढे जयंतीच्या रात्री वस्तीत व्हीसीआर भाड्याने आणून ओळीने तीन-तीन सिनेमे लावायची पद्धत आली. तिथे तर नावे आली की कॅसेट पुढे पळवत असत. म्हणजे नावे तेव्हाही कुणी वाचली नाहीत आणि आताही कुणी वाचत नाही.

आम्ही मात्र वाचतो. त्यात मोठेपणा काही नाही, ती पेशाची खोड आहे. कारकुनाचे सगळे आयुष्य नावांत जाते. हजेरीपुस्तकावर नाव नसेल तर माणूस महिनाभर राबला तरी पगार निघत नाही. सर्व्हिस बुकात नोंद नसेल तर निवृत्तीच्या वेळी ती वर्षे झालीच नाहीत असे धरतात. मस्टरवर नाव नवऱ्याचे आणि उन्हात खडी फोडणारी बायको, हे चित्र आमच्या सांगोल्यासारख्या दुष्काळी मुलखाला नवे नाही. म्हणून या आठवड्यात विषय घेतला आहे सिनेमा काढणाऱ्या बायांचा. नट्यांचे फोटो आपण भिंतीवर लावतो, त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हांला बोलायचे आहे ते कॅमेऱ्याच्या अलीकडे उभ्या राहिलेल्या बायांबद्दल. सिनेमाच्या मस्टरवर त्यांची नावे कुणी लावली, कुणी गाळली, आणि आपल्या बाया त्यात कुठे आहेत, एवढेच पाहायचे आहे.

भारतीय सिनेमाचा जनक कोण, हे शाळेतले पोरही सांगते. दादासाहेब फाळके. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. पण तो निघाला कसा, हे विचारले की आपल्याला त्यांच्या स्वयंपाकघरात जावे लागते. फाळक्यांनी विलायतेहून कॅमेरा आणला आणि कच्ची फिल्म आणली. त्या फिल्मच्या कडेला भोके पाडलेली नव्हती. भोके असल्याशिवाय फिल्म कॅमेऱ्यात सरकत नाही, आणि ती पाडायची अंधारात, कारण उजेड लागला की माल वाया. घरातले सगळे उरकल्यावर रात्री बसून ही भोके पाडत होत्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्म धुण्याची रसायने त्याच कालवत. चित्रीकरण चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे नटाच्या तोंडावर उजेड परतावा. कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक तर रोजचा होताच. सिनेमा ही चीज काय असते हे भांडवलवाल्यांना पटावे म्हणून फाळक्यांनी आधी एका रोपाची वाढ दिवस दिवस टिपून 'अंकुराची वाढ' नावाची छोटी फिल्म केली. तरीही पैसा पुरेना, तेव्हा दागिने गेले ते सरस्वतीबाईंच्या अंगावरचे.

आता हिशेब करा. फिल्म तयार करणारी, ती धुणारी, उजेड सांभाळणारी, जेवणाखाण्याची व्यवस्था पाहणारी आणि भांडवल घालणारी. आजच्या सिनेमात या कामांना पाच माणसे असतात, पाच पगार असतात आणि पडद्यावर पाच नावे पडतात. सरस्वतीबाईंच्या वाट्याला बराच काळ एकच नाव आले, सौभाग्यवती फाळके. २००९ साली परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त त्या पडद्यावर दिसल्या तेव्हा घरोघरच्या लोकांना कळले की या कारखान्यात मालकीण पण होती. मधे ९६ वर्षे गेली होती.

त्याच 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके. मुंबईत ग्रँट रोडच्या एका खाणावळीत ते कामाला होते, तिथून फाळक्यांनी त्यांना उचलले. कॅमेऱ्यापुढे यायला बाई मिळेना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी मायलेकी पुढे आल्या आणि ते कुंपण मोडले. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात या दोघींची नावे सापडतात. पडद्यावर दिसणाऱ्या बाईची नोंद निदान होते. भोके पाडणारीची होत नाही.

हे फक्त आपल्याकडेच झाले असे समजू नका. सिनेमा जिथे जन्मला त्या फ्रान्स देशात गेलो तर तिथे आम्हांला आमच्याच जातीची बाई भेटते. जात म्हणजे कारकुनाची, गैरसमज नको. तिचे नाव अ‍ॅलिस गी. जन्म १८७३ चा. वडील वारल्यावर घर चालवायचे म्हणून ती टायपिंग आणि लघुलेखन शिकली आणि पॅरिसमध्ये कॅमेरे विकणाऱ्या एका कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागली. पुढे ही कंपनी गोमाँ या मालकाच्या नावाने जगभर गाजली. १८९५ साली लुमिएर बंधूंनी हलती चित्रे दाखवली, ती पाहायला मालकाबरोबर हीपण होती. तेव्हा लोक कारखान्यातून सुटणारे कामगार, स्टेशनात शिरणारी आगगाडी एवढेच टिपत होते. हिच्या मनात आले की यातून गोष्ट सांगता येईल. तिने मालकाची परवानगी मागितली. मालकाने दिली, पण अट घातली की ऑफिसचा पत्रव्यवहार मागे पडता कामा नये! आम्ही हे वाचले तेव्हा हसू आवरले नाही. साहेब लोक सगळ्या देशांत सारखेच.

१८९६ साली तिने कोबीच्या गड्ड्यांतून बाळे काढणाऱ्या एका परीची इवलीशी फिल्म केली. गोष्ट सांगणाऱ्या अगदी पहिल्या फिल्मांत तिची गणना होते. नंतर दहा वर्षे ती कंपनीच्या फिल्म काढण्याच्या खात्याची प्रमुख होती. १९१० मध्ये अमेरिकेत जाऊन तिने स्वतःचा 'सोलॅक्स' स्टुडिओ उभा केला. १९१२ साली तिने एक फिल्म काढली तिच्यात सगळी पात्रे काळ्या कलाकारांनी केली होती. त्या काळच्या अमेरिकेत हे किती अवघड होते ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. पुढे धंदा बुडाला, नवऱ्याशी फारकत झाली, १९२२ साली पोरांना घेऊन ती फ्रान्सला परतली. तिथे तिला कुणी काम दिले नाही. कंपनीचा इतिहास लिहिला गेला त्यात तिचे नाव नव्हते. इतिहासकारांनी तिच्या फिल्मा तिच्याच हाताखाली शिकलेल्या पुरुषांच्या नावावर लावून टाकल्या होत्या. म्हातारपणी ही बाई आपल्या फिल्मा शोधत फिरली आणि आठवून आठवून त्यांच्या याद्या केल्या. शेवटी कारकून ती! याद्या करणे तिच्या हाडात होते. १९६८ साली ती वारली आणि तिच्या आठवणींचे पुस्तक १९७६ मध्ये, म्हणजे तिच्यामागे आठ वर्षांनी निघाले.

आपल्या देशात सिनेमा दिग्दर्शित करणारी पहिली बाई म्हणून नाव घेतले जाते ते फातमा बेगम यांचे. मुंबईत मूकपटांत काम करता करता १९२६ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' हा सिनेमा केला. त्यांचीच मुलगी जुबेदा ही १९३१ च्या 'आलम आरा'ची, म्हणजे पहिल्या बोलपटाची नायिका. आज 'बुलबुल-ए-परिस्तान'ही पाहायला मिळत नाही आणि 'आलम आरा'ही मिळत नाही. जुन्या फिल्मा लवकर पेट घेणाऱ्या होत्या. ज्या जळल्या नाहीत त्यांतल्या कित्येक चांदी काढून घेण्यासाठी भंगारात गेल्या. फिल्मवर चांदीचा थर असतो, तो वितळवून विकता येतो. सरकारी चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली, तोवर पुष्कळसे हातचे गेले होते. मुलीचे नाव राहिले, आईच्या कामाची फूटभर फिल्मसुद्धा उरली नाही.

आमच्या सोलापूर जिल्ह्याची एक बाई या गोष्टीत येते, तिला सोडून पुढे जाणे बरे नाही. शांता आपटे. अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीचा त्यांचा जन्म, गाण्याचे शिक्षण आमच्या शेजारच्या पंढरपुरात. १९३७ च्या 'कुंकू'मुळे त्या देशभर माहीत झाल्या. त्यांनी सिनेमा दिग्दर्शित केला नाही हे खरे, पण या विषयात त्यांची जागा आहे. १९३९ साली कराराच्या वादावरून त्या पुण्याच्या प्रभात स्टुडिओच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. देशातली गाजलेली नटी फाटकात बसून आहे आणि आत शूटिंग चालू आहे! दुसऱ्या वर्षी त्यांनी पुस्तक लिहिले, 'जाऊ मी सिनेमात?'. सिनेमाच्या धंद्यात कामगाराला, आणि कामगार बाईला, कसे वागवतात हे तिथे काम करणाऱ्या बाईने स्वतः लिहिले. गिरणीच्या दारात बसलेल्या कामगारात आणि त्यांच्यात आम्हांला फरक दिसत नाही. दुर्गाबाई खोटे यांनी तर त्याही आधी, १९३७ मध्ये, 'साथी' हा सिनेमा काढण्यात स्वतः उडी घेतली होती. दुर्गाबाई म्हटले की आपल्याला पडद्यावरची आई आठवते. पण त्यांनी पुढे स्वतःची कंपनी चालवली, जाहिरातपट आणि माहितीपट काढले. घरोघर पाहिली गेलेली दूरदर्शनवरची 'वागळे की दुनिया' ही मालिका त्यांच्याच कंपनीची, हे किती जणांना माहीत आहे?

इथवर ज्यांची नावे घेतली त्यांना उशिरा का होईना, जागा मिळाली. पण काहींचे नाव राहून गेलेले नसते, ते पुसून टाकलेले असते. केरळात १९३० च्या सुमारास मल्याळी भाषेतला पहिला सिनेमा 'विगतकुमारन' निघाला. त्याची नायिका पी. के. रोझी. ती दलित होती आणि सिनेमात तिने नायर घराण्यातल्या बाईचे काम केले. तिरुवनंतपुरमला पडदा उजळला आणि सवर्ण प्रेक्षक पिसाळले. दगडफेक झाली, तिचे घर जाळले, तिला रातोरात तमिळ मुलखात पळून जावे लागले. पुन्हा ती कधी पडद्यावर आली नाही. तो सिनेमाही आज उरलेला नाही. २०१९ साली केरळातल्या सिनेमात काम करणाऱ्या बायांनी आपल्या फिल्म सोसायटीला रोझीचे नाव दिले. नव्वद वर्षांनी का होईना, नोंद लागली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे परत येऊ. आपल्याकडे बायांनी काढलेले सिनेमे थोडेथोडके नाहीत. सई परांजपे यांचा 'दिशा' (१९९०) आमच्यासारख्यांनी जरूर पाहावा. गाव सोडून मुंबईच्या गिरणीत गेलेला एक आणि गावातच राहून वर्षानुवर्षे विहीर खणत बसलेला दुसरा. ज्याच्या घरात कुणी गिरणीत गेले आणि कुणी कोरडवाहू रानात राहिले, त्याला हा सिनेमा समजायला वेळ लागत नाही. चित्रा पालेकर यांचा 'माती माय' (२००६) हा मेलेली लेकरे पुरणाऱ्या घरातल्या बाईचा, महाश्वेतादेवींच्या कथेवरचा. विजया मेहता, अरुणा राजे, स्मिता तळवलकर यांनीही आपापल्या परीने कामे केली. पण आम्हांला थोडे थांबायचे आहे ते सुमित्रा भावे यांच्यापाशी.

सुमित्राबाई मुळात सिनेमावाल्या नव्हत. पुण्याच्या समाजकार्य महाविद्यालयात त्या शिकवत आणि वस्त्यांत संशोधन करत. दलित बायांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेली जीवने त्यांनी टिपली. आठ जणींच्या त्या हकिकती गेल ऑम्व्हेट यांनी इंग्रजीत नेल्या आणि १९८८ साली 'पॅन ऑन फायर' या नावाने त्यांचे पुस्तक झाले. गेलताई आपल्या वाचकांना परक्या नाहीत. पण हे काम चालू असताना सुमित्राबाईंना एक गोष्ट खुपली. ज्या बायांनी आपले जगणे सांगितले त्यांना वाचता येत नव्हते. मग हे संशोधन त्यांच्याकडे परत कसे जाणार? कपाटात पडून राहणार आणि साहेब लोकांच्या परिसंवादात वाचले जाणार. म्हणून त्यांनी ठरवले की हे पडद्यावर दाखवायचे. सिनेमाचे शिक्षण नाही, वय चाळिशीच्या पुढे, आणि तरी १९८५ साली झोपडपट्टीत राहणाऱ्या बाईवरची 'बाई' ही छोटी फिल्म केली. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे १९८७ ची 'पाणी', तिचा विषय नावावरूनच कळतो, तिलाही मिळाला. सुनील सुकथनकर यांच्या जोडीने त्यांनी मग 'दोघी', 'दहावी फ', 'वास्तुपुरुष', 'देवराई' असे एकामागून एक चित्रपट केले, आणि 'कासव'ला २०१७ साली देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. २०२१ मध्ये त्या गेल्या. सुवर्णकमळ मोठे खरेच. पण सांगितलेली गोष्ट सांगणारीकडे परत गेली पाहिजे, हा त्यांचा पहिला विचार आम्हांला त्याहून मोठा वाटतो. आपल्या वस्त्यांत आजवर किती जण वह्या-पेन घेऊन माहिती भरायला आले आणि गेले, त्यांतले परत कितीजण आले?

याच काळात आणखी एक घटना घडली, आणि ती आपल्या लोकांना फारशी माहीत नाही याचे आम्हांला वाईट वाटते. १९८० साली दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणींनी मिळून 'युगांतर' नावाचा फिल्म काढणारा गट केला. त्यांची पहिली फिल्म १९८१ ची, नाव 'मोलकरीण'. पुण्यात १९८० मध्ये घरकाम करणाऱ्या बायांनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, तिच्यावर ही फिल्म. धुणी-भांडी करणाऱ्या बाया इथे स्वतःच बोलतात, घडलेले प्रसंग स्वतःच करून दाखवतात. आमच्या सांगोला, आटपाडी, जत भागातून दुष्काळात पुण्याला गेलेली घरे थोडी नाहीत. त्या घरांतल्या बायांनी पहिले काम कोणते धरले हे सांगायला नको.

दुसरी फिल्म निपाणीची. निपाणी म्हणजे तंबाखू. कर्नाटकात गेली तरी माणसे आणि बोली आपलीच. १९८१ चे निपाणीचे शेतकरी आंदोलन सगळ्यांना ठाऊक आहे. तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. त्यावर पुस्तके आहेत, भाषणे होतात, आणि ती झालीच पाहिजेत. पण तोच तंबाखू शेतातून निघाल्यावर वखारीत यायचा. तिथे तोंडाला फडके बांधून, धुळीत खोकत, तो कुटणाऱ्या, चाळणाऱ्या आणि निवडणाऱ्या हजारो बाया होत्या. त्यांत आपल्या समाजाच्या बाया होत्या आणि इतर गोरगरीब जातींच्याही होत्या. त्यांनीही त्याच सुमारास आपली संघटना बांधली, वखारमालकांपुढे उभ्या राहिल्या. 'युगांतर'च्या बाया चार महिने त्यांच्यात जाऊन राहिल्या. आधी ऐकले, मग कॅमेरा काढला. वखारीच्या आत, जिथे बाहेरचा माणूस शिरत नाही, तिथले काम टिपले. बैठका टिपल्या. कोणता प्रसंग कसा दाखवायचा ते कामगार बायांना विचारून ठरले. १९८२ साली ही पंचवीसेक मिनिटांची फिल्म तयार झाली, नाव 'तंबाखू चाकिला ओब आली'. इंग्रजीत तिला 'तंबाखूचे निखारे' अशा अर्थाचे नाव दिले आहे.

तारखा नीट पाहा. शेतकऱ्याचे निपाणी आणि बाईचे निपाणी एकाच गावात, एकाच दोन-तीन वर्षांत घडले. एकाचा इतिहास झाला. दुसऱ्याची फिल्म झाली म्हणून ते निदान वाचले. आणि ती फिल्म तरी कुठे सांभाळली गेली? अलीकडच्या काळात 'युगांतर'च्या या फिल्मांचे जतन झाले ते जर्मनीत, बर्लिनच्या 'आर्सेनल' संस्थेत. निपाणीच्या वखारीतली बाई बर्लिनमध्ये नव्याने स्वच्छ होऊन पडद्यावर दिसते आणि कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या आपल्या मुलींनी तिचे नावही ऐकलेले नसते. जर्मन लोकांना दोष कशाला द्यायचा, त्यांनी उपकारच केले.

एक गोष्ट मात्र आम्ही स्पष्ट लिहिणार. या सगळ्यांत कॅमेरा धरणारी बाई बहुतेक वेळा शहरातली, शिकलेली, बऱ्या घरातली. आणि कॅमेऱ्यापुढची बाई आपली. एकीचे नाव इतिहासात लागते, दुसरीची नोंद 'कामगार स्त्रिया', 'वस्तीतल्या स्त्रिया' अशी घाऊक होते. कॅमेरा धरणाऱ्यांनी मनापासून काम केले, त्यांच्याबद्दल आम्हांला आदर आहे. त्या काळात फिल्मची रिळे, कॅमेरा, लॅब हे आपल्या घरातल्या मुलीच्या आवाक्यातले नव्हते. तरी प्रश्न राहतोच, की आपली बाई आपली गोष्ट स्वतः कधी सांगणार?

पुस्तकात तिने ती केव्हाच सांगितली होती. आमच्या सांगोला तालुक्यातल्या महूदला १९२३ साली जन्मलेल्या शांताबाई कांबळे मास्तरीण झाल्या. सोलापूर जिल्ह्यात दलित समाजातून शिक्षिका झालेल्या पहिल्या बाई त्या. नोकरी संपल्यावर त्यांनी आत्मकथन लिहिले, ते १९८६ साली पुस्तकरूपाने आले. नाव काय दिले? 'माज्या जल्माची चित्तरकथा'. चित्तरकथा! पुस्तकातच पडदा लावून बसल्या होत्या बाई. मुंबई दूरदर्शनवर त्यावरून 'नाजुका' ही मालिका आली आणि महूदची पोर घराघरात दिसली. २०२३ मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर, शांताबाई गेल्या. आमच्या तालुक्यातल्या शाळांत डाळिंबाचे क्षेत्र किती हे पोरांना पाठ असते. शांताबाईंचे नाव विचारून पाहा.

पडद्यामागे लेखणी धरलेल्या बाईचे आणखी एक उदाहरण तर आपल्या विहाराविहारात दाखवले गेले आहे. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) आपण सगळ्यांनी पाहिला. मामुट्टी आठवतात, रमाईच्या भूमिकेतली सोनाली कुलकर्णी आठवते. त्याची पटकथा लिहिणाऱ्यांत दया पवार आणि अरुण साधू यांच्याबरोबर सूनी तारापोरवाला ही पारशी बाई होती. पुढच्या वेळी विहारात लावाल तेव्हा नावे येईपर्यंत थांबा.

आणि आता दिवस पालटत आहेत. ज्योती निशा या आंबेडकरी विचाराच्या तरुणीने 'डॉ. बी. आर. आंबेडकर : नाऊ अँड देन' ही फिल्म केली. पैसे लोकांकडून वर्गणीने उभे केले. विहार बांधताना आपण पावती पुस्तक घेऊन फिरतो ना, तसेच. पुढे तमिळ दिग्दर्शक पा. रंजित यांनीही हात दिला. २०२० मध्ये तिने एका इंग्रजी साप्ताहिकात लेख लिहून विचारले की बहुजन माणूस सिनेमा पाहतो तेव्हा त्याला स्वतःचे काय दिसते? आपल्या जिल्ह्यात करमाळ्याकडच्या जेऊरचा नागराज मंजुळे 'फँड्री' आणि 'सैराट' काढतो, अकलूजची रिंकू राजगुरू शाळेच्या वयात राष्ट्रीय पुरस्काराच्या यादीत जाते, तर आपल्याच वस्तीतली एखादी पोर उद्या दिग्दर्शक का होणार नाही? कॅमेरा आता तिच्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे. घरच्यांनी तिला जयंतीच्या मिरवणुकीचे शूटिंग करताना पाहिले की 'फोन ठेव आणि भाकरी बघ' एवढे म्हणू नये, इतकीच विनंती. सरस्वतीबाईंनी दोन्ही केले म्हणून पोरीनेही दोन्ही करावे असे नाही. भाऊ आहे घरात, त्याला भाकरी शिकवा.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ चे पुस्तक आपल्यापैकी बऱ्याच घरांत असेल. आंबेडकरी चळवळीतल्या बायांची नावे कुठल्या कार्यालयात तयार ठेवलेली नव्हती. या दोघी म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या घरोघर गेल्या, बसल्या, विचारले आणि लिहून घेतले. सिनेमातल्या आपल्या बायांचेही असेच करावे लागेल आणि वेळ थोडा आहे. १९८१-८२ मध्ये विशी-तिशीत असलेल्या त्या मोलकरणी आणि वखारीतल्या कामगार बाया आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. काही गेल्या असतील. 'मोलकरीण' किंवा निपाणीची फिल्म तुमच्या मंडळाला मिळवता आली तर जाणत्या बायांना पुढे बसवून दाखवा, आणि कुणी ओळखीचा चेहरा दाखवला तर तिथल्या तिथे वहीत नाव, गाव आणि कोणाची कोण ते लिहून घ्या. पुण्याला घरे असलेल्यांनी आपल्या वस्तीत विचारावे. निपाणी, चिकोडी, गडहिंग्लजकडे सोयरीक असलेल्यांनी येत्या लग्नसराईत आपापल्या आत्या-मावश्यांना गाठावे आणि विचारावे, वखारीत कॅमेरा आला होता त्या साली तुम्ही कुठल्या वखारीत होता, आणि शेजारी कोण बसायचे?